हा पाय कुणाचा?

१४ जून

आत्या,

नमस्कार. बाबा म्हणाले, पत्रात आधी नमस्कार घालायचा, मग खुशाली विचारायची आणि मगच स्वतःचं पुराण लावायचं. नमस्कार घातला. तू खुशाल आहेस ना? आता माझं पुराण.

छापखाना इकडे हलवला, त्यामागोमाग बाबा आणि बाबांमागोमाग आम्ही. घर तिसऱ्या मजल्यावर आहे. माझ्या मोजणीने अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत, धाकट्या बहिणीच्या, मुंगीच्या मोजणीने एकावन्न, कारण ती मधल्या सपाट जागासुद्धा मोजते. यावरून आमचं रोज भांडण होतं. शाळा मोठी आहे. माझ्या वर्गाच्या तीन तुकड्या आहेत आणि मी मधलीत आहे. वर्गबाई म्हणाल्या, तू फार प्रश्न विचारतेस, बाकीच्यांना श्वास घेऊ दे. म्हणून त्यांनी मला एक प्रश्नवही दिली आहे. आठवडाभर प्रश्न त्यात लिहायचे आणि शुक्रवारी बाई त्यातल्या पाचांची उत्तरं देतात. पहिल्या आठवड्यात चव्वेचाळीस झाले.

खेळाच्या बाईंनी मला रिलेच्या चमूत घेतलं. मी तिसरी धावणार. मुंगी पोहायला जाते, म्हणजे तलावाच्या कठड्याला धरून पाय हलवते.

सगळ्यात मोठी बातमी म्हणजे आईने नोकरी धरली. इथल्या इस्पितळात औषधांच्या खिडकीवर. ती आमच्या आधी घरातून निघते, त्यामुळे माझ्या वेण्या बाबा घालतात. एक कानाजवळ येते आणि एक मानेजवळ.

एक प्रश्न बाईंना विचारता येत नाही म्हणून तुला विचारते. तू आणि आई एकमेकींना पत्र का लिहीत नाही? आई बाबांना सांगते, "ताईंना नमस्कार लिहा." तू बाबांना लिहितेस, "घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद." त्या सगळ्यांत आई येते का?

तुझी,
भिंगरी


२७ जून

भिंगरीबाई,

सगळ्यांत सगळे येतात. पुढचा प्रश्न.

तुझ्या वर्गबाई हुशार दिसतात. मला ही वहीची युक्ती आधी सुचली असती, तर तू इथे होतीस तेव्हा माझी बूट शिवायची आरी निम्म्या वेळा तरी वेळेवर चालली असती. तुम्ही गेल्यापासून दुकानात कुणी विचारत नाही की गाईला स्वतःचं चामडं टोचत नाही का, आणि माझं काम झपाझप व्हायला हवं होतं. होत नाही. या महिन्यात बुटांचे दोन जोड परत आले. एक पोस्टमास्तरांचा, चवड्यात घट्ट. दुसरा गाण्याच्या मास्तरीणबाईंचा, घोट्याशी सैल. तीस वर्षांत मिळून दोन आले नव्हते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, जवळचा चष्मा तेवढा करा. हे ऐकून मला काडीचाही धीर आला नाही.

शेजारचा मोबाइल दुरुस्तीवाला हल्ली चहाच्या निमित्ताने येतो आणि बोलता बोलता माझ्या भिंतींकडे बघतो. त्याला जागा वाढवायची आहे. पोरगा वाईट नाही. पण भिंतीकडे बघणाऱ्या माणसाला चहा देताना माझा हात जरा आखडतो.

वाढदिवसाच्या जोडासाठी तुझ्या पायांचे कागद ऑगस्टमध्ये पाठव. नियम माहीत आहेत, तरी लिहिते, कारण तू विसरत नाहीस पण घाई करतेस. अनवाणी उभं राहायचं. दोन्ही पायांवर सारखा भार. पेन्सिल सरळ उभी धरायची, आत कलवायची नाही. रेघ दुसऱ्याने मारायची, कारण स्वतः वाकलं की पाय पसरतो. आणि कुणी हसवायचं नाही.

वेण्यांबद्दल तुझ्या बाबाला सांग, छापखान्यात ओळी सरळ लावतो ना, तसंच धरून चाल.

तुझी आत्या


१० ऑगस्ट

आत्या,

नमस्कार आणि खुशाली.

माझा विज्ञानाचा प्रकल्प ठरला. उंच माणसाचा पाय लांब असतोच का? मी वर्गातल्या सगळ्यांचे, बाईंचे, शाळेच्या पहारेकऱ्याचे आणि घरातल्या सगळ्यांचे पाय कागदावर काढले. पहारेकरीकाका सगळ्यात उंच, पण पाय खेळाच्या बाईंचा लांब. बाईंनी हे फळ्यावर लिहू दिलं नाही.

मुंगीला पेन्सिलीच्या गुदगुल्या झाल्या आणि तिचा पाय ढगासारखा आला. आईचा पाय काढताना ती उभ्या उभ्या डुलक्या घेत होती. ती दिवसभर उभीच असते. खिडकीला खुर्ची आहे, पण बसलं की मागच्या फळीवरचं औषध हाताला येत नाही. घरी आली की ती कोमट पाण्याच्या बादलीत पाय घालून बसते आणि आम्हाला शाळेचं विचारते. पाय दुखतात का विचारलं तर म्हणते, छे, पाण्यात बरं वाटतं. मी प्रश्नवहीत लिहिलं होतं, माणसं दुखतंय हे का सांगत नाहीत? बाई म्हणाल्या, याचं उत्तर त्यांनाही हवं आहे.

माझ्या पायांचे कागद सोबत आहेत. ते माझेच आहेत. मी जरा जास्तच वाढले आहे. आई म्हणते या वयात मुली एकदम वाढतात.

वर्षाला एकच जोड मिळतो ना? दोन मागितले तर नियम मोडतो का? नुसतं विचारलं.

तुझी,
भिंगरी


२ सप्टेंबर

भिंगरीबाई,

नियम मोडतो. बाबाने मला बजावून ठेवलंय, ताई, वर्षाला एक, नाहीतर तू बाकीची कामं टाकून पोरींचेच बूट शिवत बसशील. त्याचं खरं आहे.

जोड सोबत आहे. पण आधी मला सांग, हा पाय कुणाचा? कागद आला तेव्हा मी तो उलटा धरला की काय असं वाटलं. मागच्या वर्षीचा तुझा कागद काढून शेजारी ठेवला. वर्षात अर्धं बोट वाढावं, तू दोन बोटं वाढलीस. तेही जाऊ दे. चवडा पसरलाय. आतली रेघ, जिथे कमान असते आणि रेघ आत वळते, ती जवळजवळ सरळ गेलीय. करंगळी शेजारच्या बोटाला टेकलीय. असे पाय मी आयुष्यभर पाहिलेत, पण ते तुझ्या वयाच्या पोरींचे नव्हते. उभ्याने नोकरी करणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या बायकांचे होते.

तेव्हा खरं सांग. त्या शाळेत उभं राहायची शिक्षा देतात का? प्रश्न विचारतेस म्हणून? तसं असेल तर मी येऊन त्या बाईंचेही पाय बघेन.

आणि शिक्षा नसेल, तर दुसरं कारण एकच उरतं. माझे डोळे. मी बघतेय ते कागदावर नाहीच. तिसरा जोडही परत आला, हे तुझ्या बाबाला कळवलेलं नाही. म्हणून मी एक ठरवलंय. कागदावर जे दिसलं तेच शिवलंय, माझ्या मनातला तुझा पाय मध्ये येऊ दिला नाही. हा जोड बसला तर डोळे शाबूत आणि दुकान चालू. नाही बसला तर मोबाइलवाल्याला किल्ली. बूट आहेत, लोकांना त्यात दिवसभर चालायचं असतं, अंदाजाने शिवणं म्हणजे त्यांच्याशी खोटं बोलणं. तू माझी परीक्षक. लाज न बाळगता लिही.

तुझी आत्या


२१ सप्टेंबर

आत्या,

बूट बसले! अगदी ओतल्यासारखे. कुठे टोचत नाहीत, कुठे दाबत नाहीत. शपथ. तुझे डोळे एकदम चांगले आहेत, माझ्यापेक्षाही. किल्ली कुणाला देऊ नकोस.

शाळेत उभं करत नाहीत. सरावात आपली पाळी येईपर्यंत उभं राहावं लागतं, त्याने असेल.

वाढदिवसाला मुंगीने मला तिचा पडलेला दात दिला. परत मागते आहे.

आज पत्र छोटं आहे कारण गृहपाठ आहे.

तुझी,
भिंगरी


१८ ऑक्टोबर

ताई,

पत्र लिहायला उशीर झाला, कान धर. नवीन यंत्र अजून रुळलेलं नाही आणि त्याचा राग मालक माझ्यावर काढतात. बाकी ठीक. पोरींच्या स्पर्धा झाल्या. भिंगरीच्या चमूचा दुसरा नंबर आला. ती मागच्या वर्षीच्या बुटांत धावली, अंगठ्याचं नख काळं पडलंय, पण पदक गळ्यातून काढत नाही.

आता एक लिहू की नको असं झालंय, पण तू माझ्याकडून ऐकलेलं बरं. यंदाचा जोड तिला बराच मोठा झाला. आल्या दिवशीच तिने पायात घालून दाखवला, टाच बाहेर येत होती. म्हणाली, आत्याचं माप चुकलं, पण तिला सांगू नका, तिला वाईट वाटेल. जोड वाया गेलेला नाही, घरात उपयोगी पडतोय, ती काळजी करू नकोस. ताई, आता दगदग कमी कर. कुणी तुला नाव ठेवणार नाही. एवढी वर्षं सगळ्या गावाच्या पायांची काळजी घेतलीस, आता इथे येऊन राहा. अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत खऱ्या.

तुझा,
धाकटा


२५ ऑक्टोबर

भिंगरीबाई,

तुझ्या बाबाचं पत्र आलं. त्याला ओरडू नकोस, त्याने योग्य तेच केलं.

मी तुझ्यावर रागावले नाही. तू माझं मन राखलंस. पण परीक्षकाने मन राखायचं नसतं, एवढंच. काळं पडलेलं नख मला रात्रंदिवस दिसतं. माझ्यामुळे तू आखूड बुटांत धावलीस आणि वर मला ओतल्यासारखे म्हणून लिहिलंस.

मोबाइलवाल्याशी बोलले. तीस नोव्हेंबरला किल्ली द्यायची. तो बिचारा एवढा ओशाळला की चहा न पिताच गेला. लाकडी साचे कुणाला द्यायचे ते ठरायचं आहे. एकशे बारा आहेत. तुझ्या प्रकल्पाला लागले तर सांग.

आत्या


२ नोव्हेंबर

आत्या,

तू किल्ली देऊ नकोस. आधी हे पत्र पूर्ण वाच. ते पाय माझे नव्हते.

ते आईचे होते. प्रकल्पासाठी काढलेले. तिचे पाय संध्याकाळी सुजतात आणि ती सांगत नाही. तू शिवलेल्या बुटांत पाय दुखत नाहीत हे मला माहीत आहे, कारण मी तेच घालते. पण तुम्ही एकमेकींशी बोलत नाही. तुला विचारलं असतं तर तू "पुढचा प्रश्न" म्हणाली असतीस, आणि आईला विचारलं असतं तर ती छे म्हणाली असती. म्हणून माझा वर्षाचा जोड मी तिला दिला. ती माझा जोड उगाच घेणार नाही, म्हणून सांगितलं की आत्याचं माप चुकलं, मला मोठे होतात, तू घाल.

मला वाटलं एकच खोटं आहे आणि छोटं आहे. बुटांचं तुला लिहिलं ते खरं होतं. बूट बसलेच आहेत. फक्त कुणाला बसले ते लिहिलं नाही. आई ते रोज घालते. महिनाभर बादली काढलेली नाही.

तू म्हणालीस ना, तिशी ओलांडलेली, उभ्याने नोकरी करणारी बाई? अगदी बरोबर ओळखलंस. तेव्हा मला इतकी भीती वाटली की मी पत्र गादीखाली लपवलं. तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. मी खोटं बोलले म्हणून तुझं दुकान जाऊ नये.

भिंगरी


९ नोव्हेंबर

माझ्या बाळा,

पत्र दोनदा वाचलं. तुझा जीव किती आहे माझ्यावर ते कळलं. पण आता पुरे. आधी ओतल्यासारखे बसले, मग मोठे झाले, आता ते तुझ्या आईच्या पायात आहेत. तुझी आई माझ्या हातचे बूट घालून रोज कामाला जाते, हे मात्र तू जरा जास्तच रंगवलंस. तिने माझ्या हातचा जोड घातला नसता, हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मोठी माणसं अशीच समजूत काढतात. पोस्टमास्तर म्हणाले, मलाच चवडा जरा दाबलेला बरा वाटतो. तूही एवढ्यात शिकलीस.

तीस तारीख ठरली आहे. अभ्यास कर.

आत्या


१६ नोव्हेंबर

ताई,

सप्रेम नमस्कार. हा नमस्कार पहिल्यांदाच माझ्या हाताने लिहिते आहे, म्हणून वेळ लागला.

काल भिंगरीने माझ्यापुढे प्रकल्पाची वही, तुमचं पत्र आणि बूट असं तिन्ही ठेवलं. वहीत माझ्या पायांची पानं नव्हती. ती इतकी रडली की रागावायला मला जागाच मिळाली नाही. तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवला नाहीत, याचं तिला फार लागलं आहे. तुमचंही चुकलं नाही. म्हणून मी लिहिते.

बूट माझ्याकडे आहेत. अठरा सप्टेंबरपासून रोज पायात आहेत. मी आठ तास उभी असते आणि हल्ली दुपारपर्यंत मला पाय आहेत हे आठवत नाही.

आता तक्रार. उजव्या बुटाची टाच सैल आहे. फार नाही, दोन दोऱ्यांएवढी. सकाळी कळत नाही. चारच्या सुमाराला मागच्या फळीपर्यंत गेले की प्रत्येक पावलाला टाच वर येते आणि मोजा आत गोळा होतो. मी कापूस घातला आहे, पण तो सरकतो. डाव्याचं काही नाही. हे मी महिन्यातच कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही, कारण मला वाटत होतं की हे बूट भिंगरीच्या मापात चुकलेले, त्यात आपण काय खोड काढायची.

आणि एक खोड काढायची राहिली आहे. लग्नात तुम्ही मला जोड दिलात तो करंगळीला टोचत होता. मी नवी होते. थोरल्या नणंदेने स्वतः शिवलेला जोड, पहिल्याच आठवड्यात कसं म्हणायचं टोचतो? म्हटलं, सवय होईल. नाही झाली. कपाटात ठेवला. भिंगरीच्या बाळंतपणात तुम्ही घरी आलात, कपाट उघडलंत, कोरा जोड पाहिलात आणि काही न बोलता बंद केलंत. मला कळलं की तुम्हाला काय वाटलं. तुमच्या कामाची मला लाज वाटते, असंच ना? मी वाट पाहिली की तुम्ही विचाराल. बारा वर्षं झाली.

लाज नव्हती, ताई. नुसती करंगळी होती.

तुमची


२४ नोव्हेंबर

मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला, म्हणून मायनाच लिहीत नाही.

मी वाट पाहत होते की तू सांगशील. विचारायला जीभ उचलली नाही, कारण उत्तर काय येईल याची भीती वाटत होती. आडमुठेपणा माझ्याकडून जास्त झाला, मी मोठी होते.

तुझं पत्र वाचलं तेव्हा पहिल्या पानावर माझा विश्वास बसला नव्हता. पोरीने आईला पढवलं, म्हटलं. पण तक्रार वाचली आणि उठून उभी राहिले. मन राखायला कुणी दोन दोरे मोजत बसत नाही. चार वाजता, मागच्या फळीपाशी, फक्त उजवी. हे पायात घातल्याशिवाय कुणाला सुचणार?

कागद काढून बघितला. उजव्या टाचेशी मला पहिल्यापासून दोन रेघा दिसत होत्या. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण मला वाटलं, आता एकाच्या दोन दिसायला लागल्या, संपलं. बाहेरची धरून शिवला. नेमका तेव्हाच मोबाइलवाला भिंती मोजायला पट्टी घेऊन आला होता. त्याला कागद दाखवला, विचारलं, इथे किती रेघा आहेत? तो म्हणाला, "दोन आहेत की, मावशी. इथे पाय हललेला दिसतोय."

तू डुलकी घेतलीस तेव्हाचा तो पाय. मी त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि त्याला चहा दिला. या वेळी हात आखडला नाही. पोस्टमास्तरांचा चवडा मात्र मी खरंच चुकवला होता, त्यासाठी जवळचा चष्मा केलाय. डॉक्टर जूनपासून तेच सांगत होते, मी ऐकत नव्हते. किल्ली माझ्या कमरेलाच आहे.

भिंगरीला सांग, आत्याचं चुकलं, आत्या माफी मागते. आणि तिचे खरे पाय पाठवायला सांग, काळ्या नखासकट. यंदा नियम मोडणार आहे.

तो उजवा बूट पोस्टाने पाठवू नकोस. पायात घालून ये. माझ्यासमोर उभी राहा, मागच्या फळीपर्यंत चालतेस तशी दुकानात चाल, आणि कुठे सैल आहे ते सांग. मग या बारा वर्षांत आणखी कुठे कुठे टोचलं तेही सांग. मी बसून ऐकेन.

ताई